वस्त्र, वर्ग आणि वर्ण

युरोपातील प्रबोधनकाळ म्हटला की पाठ्यपुस्तकात चित्रकार, शिल्पकार आणि दर्यावर्दी भेटतात. त्या काळचे कपड्यांचे कायदे भेटत नाहीत. गारगोटीत इतिहास शिकवताना मला ते सांगणे अगत्याचे वाटते. कारण त्यांच्या उजेडात आपल्या आयाबहिणींचा इतिहास अधिक स्पष्ट दिसतो.

फ्लॉरेन्समध्ये १३४३च्या सुमारास बायकांच्या किमती वस्त्रांची सरकारदप्तरी नोंद झाली. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ राणीने १५७४ साली फर्मान काढले आणि जरीचे कापड, मखमल, रेशीम कोणत्या दर्जाच्या स्त्रीने वापरावे हे ठरवून दिले. व्यापाऱ्याच्या हाती पैसा आला होता. त्याची बायको सरदारणीसारखी नटली तर सरदारणीला ओळखायचे कसे, ही उमरावांची खरी धास्ती होती. पण हा वर्गाचा पहारा होता. पैसेवाला दंड भरून सुटे. इंग्लंडने तर १६०४ मध्ये हे कायदेच रद्द केले.

याच युरोपात दुसराही एक नियम होता. १२१५च्या लॅटरन धर्मपरिषदेने ज्यूंचा पोशाख वेगळा असावा असे ठरविले. येथे प्रश्न ऐपतीचा नव्हता. माणूस दुरून ओळखू यावा आणि त्याला दूर ठेवता यावे, एवढाच हेतू.

आपल्याकडचा नियम या दुसऱ्या जातीचा. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांना प्रेतावरची वस्त्रे आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले. पुढे अस्पृश्य स्त्रीचे आखूड नेसणे, गळ्यातल्या भाराभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंतचे कथलाचे गोठ हीच तिच्या जातीची पाटी झाली. दंड भरून सुटण्याची सोय येथे नव्हती.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळण्यात आली. ही तारीख आपल्याला पाठ आहे. त्याच परिषदेच्या अखेरीस बाबासाहेबांनी स्त्रियांना नेसण्याची पद्धत बदलायला आणि त्या ओळखखुणा टाकायला सांगितले. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालूच नका, असा त्यांचा आग्रह होता. स्त्रियांनी महाडातच लुगडे पायघोळ नेसले. पुरुषांनी ग्रंथ जाळला. त्या ग्रंथाचे कलम स्त्रियांनी अंगावरून उतरविले. माझ्या मते ही दोन्ही एकाच क्रांतीची अंगे आहेत. दुसऱ्या अंगाला मात्र आपल्या इतिहासलेखनात अजून तळटीपेचीच जागा आहे.

आमच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी हुकमाने शाळा-दवाखान्यांची दारे उघडली. १९२०च्या माणगाव परिषदेत त्यांनी बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीरपणे वाखाणले. हुकूम दार उघडू शकतो. अंगावरची खूण मात्र जिची तिनेच उतरवावी लागते. गावाच्या डोळ्यांदेखत लांब लुगडे नेसून पाणवठ्यावर जाणे ही लहान लढाई नव्हती.

विद्यार्थ्यांनी एवढे करावे. घरातले जुने फोटो काढावेत, आजीने काय टाकले, केव्हा टाकले आणि गाव काय बोलले, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. सरदारणींची वस्त्रे जपायला संग्रहालये आहेत. आपल्या बायांनी टाकून दिलेल्या कथलाची नोंद आपल्यालाच करावी लागेल.