मुक्काम कोण ठरवणार?

बॅकपॅक भरली. आता टूरची बस की कॅम्पर व्हॅन? धाराशिवकरांना हा प्रश्न जुनाच आहे.

पूर्वी तुळजापूरला जायचं तर बैलगाडी जुंपायची. गाडीतच अंथरूण, शिधा, बैलांचा कडबा. ओढा दिसला की गाडी सोडायची, तीन दगडांची चूल मांडायची. म्हणजे कॅम्पर व्हॅनच की!

मग बस आली. हा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिथे १९३२ साली २७ गाड्यांनी सरकारी बससेवा सुरू झाली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे एसटी गावोगाव पोचली. ज्याच्या दारात बैल नव्हते, तोही तिकीट काढून देवीला जाऊ लागला. ही मोठीच गोष्ट. पण मुक्काम वेळापत्रकाच्या हाती गेला.

१९८८ साली एसटीनं मधली वाट काढली : ‘आवडेल तेथे प्रवास’. ठरावीक दिवसांचा पास काढायचा, हवं तिथे उतरायचं. नळदुर्गचा पाणी महाल बघा, तेरला त्रिविक्रम मंदिरात निवांत बसा, मग पुढची गाडी पकडा.

२०२१ साली राज्यानं कॅरॅव्हॅन धोरण आणलं. व्हॅन परवडत असेल तर जरूर घ्या. नाहीतर लाल परी आहेच. फक्त कुठं थांबायचं, ते आपण ठरवायचं!