इम्प्लांट हाडाला धरतो कसा? गुळगुळीत ते खडबडीत असा प्रवास

“डॉक्टर, स्क्रू तर बसवला, मग वरची कॅप आजच का नाही?” दाताचा इम्प्लांट केल्यावर बरेच रुग्ण हा प्रश्न विचारतात. उत्तर इम्प्लांटच्या इतिहासात आहे.

1952 मध्ये स्वीडनमधील लुंड येथे डॉ. ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातील रक्तप्रवाह अभ्यासत होते. प्रयोग संपल्यावर हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला गेले, तर ते निघेना! हाडाने धातूला घट्ट धरलं होतं. या जोडणीला पुढे ‘ऑसिओइंटिग्रेशन’ हे नाव मिळालं. 1965 मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. 2006 मध्ये लार्सन वारले, तोवर ते टिकले.

हे सुरुवातीचे इम्प्लांट बरेच गुळगुळीत होते. हाड धरेपर्यंत खालच्या जबड्यात साधारण 3 महिने आणि वरच्या जबड्यात 6 महिने थांबावं लागे.

हा काळ कमी कसा झाला? खंडाळ्यात एखाद्या जुन्या घराचं काम चालू असेल तर पाहा. गुळगुळीत भिंतीवर गिलावा धरत नाही, म्हणून गवंडी ती आधी छिन्नीने खडबडीत करतो. इम्प्लांटचंही तसंच आहे.

1970 च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये श्रोडर यांनी टायटॅनियमची वितळती पूड फवारलेले इम्प्लांट वापरले. 1980 च्या दशकात हाडातल्याच खनिजासारखा हायड्रॉक्सिॲपेटाइटचा लेप आला, पण काही इम्प्लांटवरून तो सुटू लागला. 1990 च्या दशकात वेगळी पद्धत रुळली: आधी बारीक कणांचा मारा, मग आम्लाची प्रक्रिया. वर थरच नसल्याने सुटायचं काही नाही. या सूक्ष्म खळग्यांत रक्ताची गुठळी अडकून राहते आणि तिच्या जाळ्यावरून हाड बनवणाऱ्या पेशी धातूपर्यंत पोचतात. हाड चांगलं असेल तर आता 6 ते 8 आठवडे पुरतात.

पण लक्षात ठेवा, खडबडीत जागेवर जंतूही सहज चिकटतात. हिरडी खाली सरकून तो भाग उघडा पडला, तर तिथे कीटण साचतं आणि भोवतालचं हाड झिजू लागतं. म्हणून तंबाखू, सिगारेट, मिश्री सोडा, मधुमेह ताब्यात ठेवा, रोज नीट ब्रश करा आणि सांगितलेल्या तारखेला तपासणीला या. धातूची तयारी कारखान्यात होते, पण त्याभोवतीचं हाड तुम्हालाच सांभाळायचं आहे.