बेल्व्हेडियरचे दार

१८९३ साली डब्लिन शहरातील जॉन जॉइस ह्या गृहस्थाची नोकरी सुटली होती आणि मिळकत गहाण पडली होती. मुलांना चांगल्या शाळेत घालण्याची ऐपत उरली नव्हती. अशा वेळी जेझुइट धर्मगुरू फादर कॉनमी ह्यांची व त्याची गाठ पडली, आणि त्यांच्या शब्दाखातर जेम्स व स्टॅनिस्लॉस हे दोघे भाऊ बेल्व्हेडियर कॉलेज ह्या कॅथलिक मुलांच्या शाळेत विनाशुल्क दाखल झाले. पुढे जेम्स जॉइस हा विसाव्या शतकातील एक थोर कादंबरीकार ठरला.

ही शाळा जेझुइटांनी १८३२ मध्ये काढली आणि १८४१ मध्ये त्यांनी तिच्यासाठी एका उमरावाचा प्रासाद विकत घेतला. तिचे सामर्थ्य भाषांच्या शिक्षणात होते. लॅटिन, फ्रेंच आणि इटालियन ह्या भाषांची जॉइसची बैठक तेथेच पक्की झाली. धर्मश्रद्धेपासून तो पुढे दूर गेला, परंतु विचाराची शिस्त आपणांस जेझुइटांनी दिली, हे ऋण त्याने नाकारले नाही.

दोषही तितकेच ठळक होते. १८७८ च्या कायद्याने आयर्लंडमधील माध्यमिक शाळांना विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील यशाच्या प्रमाणात पैसा मिळू लागला. मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याची पद्धत त्या शतकात होती. तिचे परिणाम मराठी वाचकास निराळे सांगावयास नकोत. हुशार मुलगा शाळेचे उत्पन्न ठरला आणि मंद मुलगा मागे पडला. ह्या परीक्षेत देशाच्या आयरिश भाषेला ग्रीक-लॅटिनपेक्षा कमी गुण असत. पॅट्रिक पिअर्सने १९१६ मध्ये ह्या साऱ्या शिक्षणपद्धतीला खुनी यंत्र म्हटले. तरीही ह्याच शाळेतून बाहेर पडलेला केव्हिन बॅरी १९२० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, आयरिश स्वातंत्र्यासाठी फासावर गेला. शाळा जे शिकवते आणि विद्यार्थी जे शिकतो, त्यांत अंतर राहते ते असे.

निकालावर पैसा देण्याची पद्धत १९२४ मध्ये मोडली. १९६७ मध्ये आयर्लंडमध्ये मोफत माध्यमिक शिक्षणाची योजना सुरू झाली. बेल्व्हेडियर मात्र तिच्या बाहेर राहिले. आजही ही शाळा शुल्क घेते, आणि गरीब घरांतील काही मुलांना आर्थिक साहाय्य देऊन प्रवेशही देते.

फादर कॉनमींचे औदार्य खरे होते. परंतु ते एका बापाच्या ओळखीवर अवलंबून होते. ज्या बापाची कोणा धर्मगुरूशी ओळख नव्हती, त्याच्या मुलाचे काय झाले, ह्याची नोंद कोठे नाही. शाळेची थोरवी तिने घडविलेल्या माणसांवरून मोजली जाते. तिची उणीव मात्र दाराबाहेर राहिलेल्या मुलांवरून मोजावी लागते, आणि ते मोजमाप कोणत्याही शाळेच्या दप्तरात सापडत नाही.