सिंदेवाहीपासून विद्यापीठ किती लांब?

१८८३ साली नागपुरात हिस्लॉप कॉलेज सुरू झाले आणि १८८५ साली मॉरिस कॉलेज. दोन्ही आधी कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न होती, पुढे अलाहाबादशी. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन होईपर्यंत चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातून शिकायला गेलेला मुलगा वर्गात बसायचा नागपुरात, पण त्याची परीक्षा घेणारे आणि पदवी देणारे विद्यापीठ असायचे हजार-पाचशे किलोमीटरवर. त्या विद्यापीठाची इमारत त्याने कधी पाहिलेली असेलच असे नव्हते. तरी त्या पदवीला कुणी कमी लेखले नाही. तिच्या जोरावर माणसे वकील झाली, हेडमास्तर झाली, सरकारी हुद्द्यांवर गेली. आज अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला आपल्या गावातूनच, ऑनलाइन शिकून, पदवीचे काही श्रेयांक मिळवता यावेत असे कुणी म्हटले, की पहिली शंका निघते ती अशी : लांबून का कुठे विद्यापीठ चालते? चंद्रपूर-गडचिरोलीचा शिक्षणाचा इतिहास पाहिला तर उत्तर सरळ आहे. इथे उच्च शिक्षण पहिल्यापासून लांबूनच आले. ते अंतर जेव्हा जेव्हा कमी झाले, तेव्हा कुणीतरी नियम बदलला म्हणून झाले. आणि ज्या वेळी नियम बदलला पण जवळ शिकवणारा दिला नाही, त्या वेळी फसगत झाली. या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवल्या तरच चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीच्या मुलामुलींसाठी पुढे काय करायचे ते ठरवता येईल.

शाळा कुठे संपते आणि कॉलेज कुठे सुरू होते, ही सीमा आपल्याला दगडावर कोरल्यासारखी वाटते. ती तशी कधीच नव्हती. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही विद्यापीठे १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली. त्यांचे मुख्य काम परीक्षा घेणे हे होते, शिकवायची ती संलग्न कॉलेजे. मुंबई विद्यापीठाने १८५९ साली पहिली मॅट्रिक घेतली. म्हणजे हायस्कुलातल्या शेवटच्या वर्गातल्या मुलाला थेट विद्यापीठच तपासत असे. पुढे परीक्षा मंडळे आली आणि १९६६ साली महाराष्ट्राचे राज्य मंडळ स्थापन झाले. तरी सत्तरच्या दशकापर्यंत रीत अशी होती की शालान्त परीक्षा झाली की पुढचे वर्ष कॉलेजात, विद्यापीठाच्या अखत्यारीत. कोठारी आयोगाच्या शिफारशींनंतर दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला. १९७५ साली नव्या पद्धतीच्या दहावीची पहिली परीक्षा झाली, १९७७ साली बारावीची. कालपर्यंत विद्यापीठाचा असलेला सोळा-सतरा वर्षांचा विद्यार्थी एका निर्णयाने मंडळाचा झाला. आपल्या राज्यात मात्र तो पुष्कळ ठिकाणी त्याच इमारतीत बसत राहिला. म्हणून तर त्या वर्गांना कनिष्ठ महाविद्यालय म्हणतात आणि अकरावीतली मुलगी आजही घरी सांगते ती ‘कॉलेजला जाते’ असेच. शंभर-सव्वाशे वर्षांत ही सीमा प्रशासनाच्या सोयीने पुढे-मागे सरकत आली आहे. विद्यार्थ्याच्या सोयीने ती एकदा सरकवली तर परंपरेचा भंग होईल, असे म्हणायला इतिहासात आधार नाही.

आता सिंदेवाहीकडे पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागभीडहून चांदा फोर्टकडे जाणारी नॅरोगेज रेल्वे या भागातून गेली. सिंदेवाही, राजोली, मूल, केळझर ही तिच्यावरची स्टेशने. पण उच्च शिक्षण त्या गाडीने इकडे आले नाही. हायस्कूल म्हटले की चांद्याचे ज्युबिली आणि कॉलेज म्हटले की नागपूर, अशीच कित्येक वर्षे गेली. पुढे चंद्रपूरला, ब्रह्मपुरीला, मग तालुक्यातालुक्यांत महाविद्यालये निघाली. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि २०११ साली दोन्ही जिल्ह्यांसाठी गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. ही मोठीच मजल आहे. तरीही सिरोंच्याच्या मुलाला आपल्याच जिल्ह्यातले विद्यापीठ दोनशे किलोमीटरच्या आसपास पडते. शिवाय या भागात, म्हणजे झाडीपट्टीत, अंतर नुसते किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. मे महिन्यात घरची सगळी माणसे तेंदूपानांच्या हंगामात, जुलैत धानाची रोवणी, आणि कॉलेजांचे प्रवेश बहुधा याच दोहोंच्या मधल्या धावपळीत. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की रस्ता बंद. ताडोबाच्या आणि ब्रह्मपुरी वनविभागाच्या भोवतालच्या गावांत वाघाच्या भीतीने पोरींनी अंधार पडायच्या आत घरी पोचायलाच हवे.

याच जागी सरकारची एक योजना नीट पाहण्यासारखी आहे. मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या सकाळी गावागावांतून मुली गोळा करतात, शाळा-कनिष्ठ महाविद्यालयापाशी उतरवतात आणि संध्याकाळी परत आणून सोडतात. भाडे पडत नाही. ही सोय बारावीपर्यंतची आहे. बारावीचा निकाल लागला की त्याच मुलीसाठी सगळा हिशेब बदलतो : वसतिगृहात नंबर लागेल का, नाही तर खोलीचे भाडे किती, रोजचे येणे-जाणे झेपेल का, आणि पोरीला एकटीला पाठवायचे का. तिचे शिक्षण बहुतेक वेळा बुद्धीपाशी अडत नाही, या हिशेबापाशी अडते. तेव्हा विद्यापीठाला या मुलीला गाठायचे असेल तर ती त्या बसमध्ये रोज बसते आहे तोवरच गाठले पाहिजे. बारावीला असताना पदवीचे चार-सहा श्रेयांक तिच्या नावावर जमा असतील, तर घरातल्या बैठकीत तिच्या बाजूने बोलणारी एक ठोस गोष्ट असेल : हिने कॉलेजचा अभ्यास केलेला आहे, तो हिला जमतो, आणि त्यातला काही पुरा झाला आहे.

नियम बदलून अंतर तोडण्याचे प्रयत्न आपल्याकडे पूर्वीही झाले. लंडन विद्यापीठाने १८५८ सालीच कॉलेजात नाव न घालता पदवीपरीक्षेला बसू द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे अनेक विद्यापीठांनी स्त्रियांना आणि नोकरीतल्या शिक्षकांना बहिःस्थ म्हणून परीक्षेची मुभा दिली. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, मुंबईने १९७१ साली. शाळा सुटलेल्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म आला. तो भरून दहावी-बारावी झालेली माणसे आज जवळपास प्रत्येक गावात सापडतील. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्या काळात बारावी न झालेल्या प्रौढांनाही पूर्वतयारीचा शिक्षणक्रम करून पदवीचा मार्ग खुला झाला. तीस तासांचा अभ्यास म्हणजे एक श्रेयांक हे गणितही मराठी विद्यार्थ्याला तिथूनच परिचयाचे झाले. श्रेयांकांचा मोठा गुण असा की जेवढे पुरे झाले तेवढे पदरात राहते. सगळे पास किंवा सगळे वाया, अशी गत होत नाही. ज्या घरात शिक्षण अर्ध्यावर तुटण्याची भीती कायम असते, तिथे या गुणाची किंमत शहरापेक्षा कितीतरी जास्त आहे.

अलीकडच्या काळात बाकीचे तुकडेही तयार झाले आहेत. ‘स्वयम’ हे केंद्र सरकारचे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. २०२१ पासून एखाद्या पदवी कार्यक्रमातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक त्यावरून घेण्याची मुभा आहे. त्याच वर्षी श्रेयांक जमा ठेवणारी अकॅडमिक बँक आली. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने तर शाळा आणि विद्यापीठ एकाच मापात आणले : वर्षाला १२०० तास, ४० श्रेयांक. आयआयटी मद्रासच्या २०२० साली सुरू झालेल्या ऑनलाइन पदवीसाठी अकरावी झालेल्या विद्यार्थ्याला पात्रता फेरी आधीच पार करता येते, प्रत्यक्ष प्रवेश मात्र बारावीनंतर. अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठ १९७० च्या दशकाच्या आरंभापासून हायस्कुलांतच कॉलेजचे अभ्यासक्रम चालवत आले आहे आणि मिनेसोटा राज्याने १९८५ साली त्यासाठी कायदा केला. आपल्याकडे मात्र अकरावी-बारावीत मिळवलेले पदवीचे श्रेयांक पुढे कॉलेजात वळते करून घेण्याची सरसकट वहिवाट अजून पडलेली नाही. नद्या ओलांडल्या आणि शेवटच्या नाल्यावरचा पूल तेवढा राहिला, अशी ही स्थिती आहे.

याला पहिला आक्षेप दर्जाचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बहिःस्थ परीक्षांचा इतिहास हा गाइडांचा आणि पाठांतराचाही इतिहास आहे. फॉर्म भरायचा, परीक्षेच्या आदल्या महिन्यात अपेक्षित प्रश्नसंच आणायचा आणि पास व्हायचे, हे घडले आहे. पण ते का घडले? विद्यापीठाने परीक्षा गावापर्यंत आणली, शिक्षक आणला नाही. कलकत्त्याच्या प्रश्नपत्रिकेला वजन होते, कारण तिच्यामागे मॉरिस आणि हिस्लॉपचे वर्ग होते. म्हणून धडे पडद्यावर असू द्या, पण आठवड्यातून दोन तास शंका सोडवणारा माणूस समोर हवा आणि परीक्षा देखरेखीखाली, प्रत्यक्ष केंद्रावर हवी. आयआयटी मद्रासची आणि स्वयमची परीक्षाही केंद्रावरच होते. ते केंद्र तालुक्यालाच असले पाहिजे. परीक्षेसाठी पुन्हा नागपूर गाठावे लागणार असेल, तर आपण १८८५ सालीच आहोत.

दुसरा आक्षेप ओझ्याचा. बारावी, सीईटी, नीट, त्यात ही भर कशाला? हे ओझे सक्तीचे केले तर आक्षेप खराच ठरेल. तीन-चार श्रेयांकांचा एकच विषय, म्हणजे दोन वर्षांत मिळून ९० ते १२० तास, तोही ज्याला हवा त्याने घ्यावा, आणि नाही जमला तर गुणपत्रिकेवर डाग राहू नये, एवढे पाळले की ओझे उरत नाही. शिवाय या भागातल्या बहुसंख्य मुलांना नीटच्या शर्यतीत उतरायचे नसते. बारावीनंतर पुढे शिकायचे की नाही, हाच त्यांचा प्रश्न असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार : ज्याच्या घरी लॅपटॉप आणि वायफाय आहे, त्या शहरी मुलालाच याचा लाभ होईल. करोनाकाळात मोबाइलवरच्या शाळेने काय केले ते सर्वांनी पाहिले. घरात एकच फोन, तो बापाबरोबर कामावर, आणि रेंज मिळाली तर गावाबाहेरच्या उंचवट्यावर. म्हणूनच ही योजना घरावर सोपवता कामा नये. जागा कनिष्ठ महाविद्यालयाची, वेळ शाळेच्या तासिकेतली, धडे आधी उतरवून संगणकावर ठेवलेले, आणि शिकवणाऱ्या प्राध्यापकाला त्या कामाचे रीतसर तास व मानधन. हे न करता नुसती लिंक पाठवली तर विषमता वाढेलच. पण या भीतीने काहीच केले नाही तरी विषमता थांबत नाही, कारण शहरातला मुलगा हे सगळे स्वतःच्या पैशाने आजही घेतो आहे.

विषय कोणता घ्यावा, यासाठीही फार दूर जायला नको. सिंदेवाहीत डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे धान संशोधन केंद्र आहे. शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले. १९८३ साली पटेल-३ वाणाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षामागून वर्षे वेगळ्या पेरल्या, निवडल्या, आणि त्यातून एचएमटी हा बारीक तांदूळ उभा राहिला, जो पुढे कितीतरी राज्यांत पोचला. त्यांना नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचा सन्मान मिळाला, पण २०१८ साली ते गेले तोवर त्यांच्या कामाचे यथायोग्य माप झाले नाही, ही खंत उरलीच. निरीक्षण करणारी, निवड करणारी बुद्धी या मातीत आहे. तिची नोंद घेणारी व्यवस्था नव्हती. धानाचे बियाणे आणि वाणनिवड या विषयाचा एक पदवीस्तरीय अभ्यासक्रम, सिद्धान्त ऑनलाइन आणि प्रात्यक्षिक संशोधन केंद्राच्या बांधीत, असा आखला तर अकरावीतल्या शेतकऱ्याच्या मुलीला तो परका वाटणार नाही आणि विद्यापीठालाही त्याचा दर्जा सिद्ध करणे अवघड जाणार नाही.

गोंडवाना विद्यापीठाने कायदा बदलण्याची वाट पाहत बसू नये. एक विषय, एक तालुका, एक तुकडी एवढ्यावर सुरुवात करावी आणि त्या तुकडीने मिळवलेले श्रेयांक आपल्या संलग्न महाविद्यालयांत मान्य होतील, असे लेखी जाहीर करावे. पालकांनी आणि शाळांनीही ही मागणी विद्यापीठाकडे लावून धरली पाहिजे. बारावीनंतर निळी बस थांबते. तिच्या आधी विद्यापीठाने पोचायला हवे.