शातो गायार : दोन राजांच्या मध्ये सापडलेले लोक

फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात सीन नदी एक मोठे वळण घेते. त्या वळणावरील खडूच्या पांढऱ्या कड्यावर, पात्रापासून सुमारे ३०० फूट उंचीवर, शातो गायार या किल्ल्याचे भग्नावशेष उभे आहेत. पायथ्याच्या पेती-आंदली गावातून चढण चढून गेले, की प्रथम बाहेरच्या कोटाचे फुटके बुरूज लागतात, मग खोल खंदक आणि शेवटी बालेकिल्ला. त्याच्या तटाला अर्धगोलाकार फुगवट्यांची रांगच्या रांग आहे. फेकलेला धोंडा थेट न आदळता घसरून जावा, अशी ती योजना. आठशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांचे हे कौशल्य पाहून मन थक्क होते.

किल्ला बांधला तो इंग्लंडचा राजा व नॉर्मंडीचा ड्यूक रिचर्ड याने. सिंहहृदयी म्हणून ज्याचे गोडवे गायले जातात, तोच हा. तिसऱ्या धर्मयुद्धावरून परतताना ११९२ च्या डिसेंबरात तो व्हिएन्नाजवळ पकडला गेला आणि प्रचंड खंडणी भरून ११९४ च्या प्रारंभीच सुटला. दरम्यान फ्रान्सचा राजा फिलिप ऑगस्टस याने सीमेवरील गिझोरचा किल्ला गिळंकृत केला होता. रुआँ या राजधानीकडे जाणारा नदीमार्ग उघडा पडला. तो बंद करण्यासाठी रिचर्डने आंदलीचा कडा निवडला.

अडचण एकच होती : आंदलीची जहागीर रुआँच्या आर्चबिशपांची होती. राजाने ती परवानगीविना बळकावली. तेव्हा आर्चबिशप वॉल्टर यांनी ११९६ मध्ये साऱ्या नॉर्मंडीवर संस्कारबंदी पुकारली व ते न्याय मागण्यासाठी रोमला निघाले. चर्चची दारे बंद झाली; मृतांना ख्रिस्ती दफनही मिळेना. नगरांच्या रस्त्यांवर प्रेते पडून असल्याचे समकालीन इतिहासकाराने नमूद केले आहे. पोप सेलेस्टिन तिसरे यांनी ११९७ मध्ये बंदी उठवली. आर्चबिशपांना आंदलीच्या बदल्यात दिएप्प बंदर व इतर भरघोस उत्पन्न मिळाले. सौदा आर्चबिशपांच्या फायद्याचाच झाला, असे म्हणावे लागते. ज्यांचे मृत रस्त्यावर राहिले, त्यांना काय मिळाले याची नोंद नाही.

बांधकाम मात्र थांबले नव्हते. ११९६ ते ११९८ या अवघ्या दोन वर्षांत, सुमारे १२,००० पौंड खर्चून, काम बहुतांशी पुरे झाले. इंग्लंडातील सर्व किल्ल्यांवर रिचर्डने आपल्या कारकिर्दीत केलेल्या खर्चाहून ही रक्कम मोठी होती. पायथ्याशी त्याने नवे गाव वसवले. तेच पेती-आंदली. पुढे ११९९ मध्ये रिचर्ड बाणाच्या जखमेने मरण पावला आणि भाऊ जॉन गादीवर आला.

१२०३ मध्ये फिलिपने वेढा घातला. नदीमार्गे व जमिनीवरून एकाच वेळी कुमक पोहोचवण्याचा जॉनच्या सैन्याचा बेत फसला. गावकरी जीव मुठीत धरून किल्ल्यात शिरले. दीड-दोन हजार तोंडे वाढल्याने किल्लेदार रॉजर द लेसी याला धान्याची चिंता पडली. त्याने लढण्यास असमर्थ अशा लोकांना गटागटाने बाहेर काढले. पहिल्या दोन गटांना फ्रेंच शिपायांनी वाट दिली. फिलिपला हे कळताच त्याने मनाई केली. भुकेली तोंडे किल्ल्यातच राहावीत, हा त्याचा हिशेब. पुढचा गट, चारशेंहून अधिक माणसे, बाहेर पडला तेव्हा समोरून बाण आले. ते मागे वळले, तर दरवाजे बंद.

हिवाळाभर स्त्रिया, मुले व वृद्ध तट आणि वेढा यांच्यामधील उतारावर राहिले. गवत, पाला आणि किल्ल्यातून हाकललेल्या कुत्र्यांचे मांस एवढेच अन्न. ही हकीकत सांगतो तो फिलिपचाच खासगी पुरोहित गियोम ल ब्रेताँ, जो वेढ्यात उपस्थित होता. अखेर फिलिपने उरलेल्यांना अन्न देऊन जाऊ देण्याचा हुकूम केला. पण उपाशी पोटांना ते अन्न सोसले नाही आणि कित्येक जण खाता खाताच गेले.

मग बाहेरचा कोट सुरुंगाने पडला. मधल्या कोटात काही शिपाई शिरले ते एका वृत्तांतानुसार शौचकूपाच्या मोरीतून, तर दुसऱ्यानुसार जॉनने बांधलेल्या चॅपेलच्या खिडकीतून. ६ मार्च १२०४ रोजी किल्ला पडला, जूनमध्ये रुआँ शरण आले आणि नॉर्मंडी इंग्लंडच्या हातून गेली. लेसी खंडणी भरून सुटला.

पुढे राजघराण्यातील मार्गरित द बुर्गोन्य येथे कैदेत असताना १३१५ मध्ये वारली. शतवार्षिक युद्धात किल्ला अनेकदा हात बदलत राहिला. शेवटी १५९९ मध्ये राजा चौथा हेन्री याने तो पाडण्याचा हुकूम दिला; बंडखोरांनी त्याचा आश्रय घेऊ नये, म्हणून. पाडलेले दगड आपल्या मठासाठी नेण्याची परवानगी आंदलीच्या कॅपुचिन बंधूंना मिळाली. १८६२ मध्ये उरलेल्या भिंतींना राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा लाभला. खाली गावात तेराव्या शतकातले सें-सोव्हर, म्हणजे तारणाऱ्याचे, चर्च आजही उभे आहे.