दिंडोशी

दिंडोशी : मुंबई उपनगर जिल्ह्याच्या बोरिवली तालुक्यातील एक जुने महसुली गाव, सांप्रत बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट वस्तीचा उपनगरी भाग. पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या पूर्वेस, मालाड आणि गोरेगाव यांच्या संधिस्थानी, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगररांगेच्या पश्चिम पायथ्याशी ते वसलेले असून, साष्टी बेटाची अल्प मुदतीची परंतु विविधांगी सफर करू इच्छिणाऱ्यास मुक्कामासाठी इतके सोयीचे ठिकाण त्या बेटावर क्वचितच सापडेल.

साष्टी हे बेट आहे, ही गोष्ट तेथील रहिवाशांच्याही सहसा ध्यानात राहत नाही. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि दक्षिणेस, पूर्वी मुंबई बेटापासून त्यास अलग करणारी, माहीमची खाडी अशी त्याची चतुःसीमा आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शीव येथील डंकनचा बांध पुरा झाला, त्याच शतकाच्या मध्यास अवाबाई जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून माहीमचा सेतू उभा राहिला, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून सुटलेली आगगाडी ठाण्यास पोहोचली आणि पुढील वर्षी लोहमार्गाने खाडी ओलांडून कल्याण गाठले. तेव्हापासून पाण्याचा वेढा कायम असूनही बेटपणाची जाणीव लोकांच्या मनातून ओसरत गेली. सहलीची आखणी करणाऱ्याने ही विसरलेली बाब प्रथम ध्यानी घ्यावी, कारण येथील वैविध्याचे मूळ तिच्यातच आहे.

भूरचना : बेटाच्या मध्यभागी उत्तर-दक्षिण पसरलेली बेसाल्टची डोंगररांग, तिच्या कुशीत तुळशी, विहार व पवई हे तलाव, दोन्ही अंगांस सखल मैदानी पट्टी आणि त्यापलीकडे तिवरांनी वेढलेल्या खाड्या व वाळूचे किनारे, अशी साष्टीची ठेवण आहे. मुंबई शहरास नळाने पाणी पुरविण्यासाठी बांधलेला विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी तलाव १८७९ मध्ये पूर्ण झाला. पवईचा तलाव त्यानंतरचा. तुळशीच्या परिसरातून निघणारी दहिसर नदी पश्चिमेकडे वाहते, आरे परिसरातून उगम पावणारी ओशिवरा नदीही तीच दिशा धरते, तर विहार व पवई यांच्या सांडव्याच्या पाण्याने बनलेली मिठी नदी दक्षिणेस माहीमच्या खाडीस मिळते. डोंगरमाथ्यापासून पश्चिम समुद्रापर्यंतचे सरळ अंतर पंधरा किलोमीटरांच्या आतच असल्यामुळे अरण्य, जलाशय, प्राचीन लेणी, गावठाणे, खाडी आणि पुळण ही इतरत्र दूरदूर विखुरलेली स्थळे येथे एकाच उतारावर ओळीने मांडलेली आढळतात. आणि दिंडोशी नेमके त्या ठिकाणी आहे जेथे डोंगर संपून मैदान सुरू होते.

या दृष्टीने थायलंडमधील फुकेत बेटाशी साष्टीची तुलना उद्बोधक ठरते. आकारमानाने ही दोन बेटे एकमेकांच्या बरीच जवळ आहेत. फुकेतही पुलाने मुख्य भूमीस जोडलेले असून तेथील सारासिन पूल १९६७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. दोहोंच्या अंतर्भागी वनाच्छादित टेकड्या आहेत, दोहोंच्या पश्चिम किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वारे आदळतात आणि त्या काळात समुद्रस्नान धोक्याचे होते. कथिलाच्या खाणींवर समृद्ध झालेल्या फुकेतने पुढे आपले बेटपण हेच उपजीविकेचे साधन केले, साष्टीने मात्र महानगराच्या घरांची आणि कारखान्यांची निकड भागविली. त्यामुळे एकाची कीर्ती जगभर झाली आणि दुसऱ्याची निसर्गसंपदा त्याच्याच रहिवाशांना अपरिचित राहिली, इतकेच. मुंबईच्या विमानतळावरून फुकेतकडे जाणारा उपनगरी प्रवासी स्वतः एका बेटावरूनच निघालेला असतो.

इतिहास : शिलाहारांच्या काळी श्रीस्थानक म्हणजे ठाणे ही या प्रदेशातील प्रमुख नगरी होती. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या तहान्वये वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांस दिला आणि साष्टीवर त्यांचा अंमल बसला. गावोगावची जुनी चर्चे आणि खाड्यांच्या मुखावरील कोट ही त्या अमदानीची स्मारके होत. १७३७ मध्ये चिमाजी अप्पाच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी ठाणे घेतले व १७३९ मध्ये वसई सर केली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला हस्तगत केला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने बेट त्यांच्याकडे कायम झाले. मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये प्रथम अस्तित्वात आला. सांप्रतचा स्वतंत्र जिल्हा १९९० पासूनचा आहे. दरम्यान १९५० व १९५७ अशा दोन टप्प्यांत महानगरपालिकेची हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली.

वस्ती : मृणाल गोरे यांच्या पुढाकाराने नागरी निवारा परिषदेने सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी उभारलेली वसाहत ही दिंडोशीच्या सामाजिक इतिहासातील ठळक घटना होय. भारतीय रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापिलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, नगर दिवाणी व सत्र न्यायालय, बेस्टचे आगार आणि २००८ च्या पुनर्रचनेपासूनचा विधानसभा मतदारसंघ यांमुळे हे नाव सर्वतोमुखी झाले. डोंगराच्या अंगास दादासाहेब फाळके चित्रनगरी असून तेथे परवान्यावाचून प्रवेश नाही. तिच्या लगत मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटी या १८८३ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे निसर्गशिक्षण केंद्र आहे. दक्षिणेस १९४९ मध्ये स्थापन झालेली आरे दुग्धवसाहत पसरलेली असून तिच्या पाड्यांवर वारली व अन्य आदिवासी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. मेट्रोच्या सातव्या मार्गिकेवरील दिंडोशी स्थानक एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाले.

प्रवासयोजना : साष्टीची सफर तीन दिवसांत समाधानकारक होते, मात्र ती पाण्याच्या वाटेने, म्हणजे डोंगराकडून समुद्राकडे, आखावी. येथे अंतरे अल्प, परंतु रहदारी अतोनात असल्यामुळे एकाच दिवशी डोंगर व किनारा ही दोन्ही टोके गाठू पाहणाऱ्याचा बहुतेक वेळ महामार्गावरच खर्ची पडतो.

पहिला दिवस डोंगराचा. दिंडोशीहून मेट्रोच्या सातव्या मार्गिकेने उत्तरेस राष्ट्रीय उद्यान स्थानक गाठावे. सुमारे १०४ चौ. किमी. क्षेत्राच्या या उद्यानात चितळ, सांबर व बिबट्या यांचा वास असून डोंगरउतारांवरील कारवी आठ वर्षांतून एकदाच सामुदायिक बहराने जांभळी होऊन जाते. प्रवेशद्वारापासून सुमारे ६ किमी. आत कान्हेरीची बौद्ध लेणी आहेत. शंभराहून अधिक विहारांचा हा समूह इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारापासून दहाव्या शतकापर्यंत नांदता राहिला. सोपारा, कल्याण येथील व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख भिंतींवर कोरलेले आहेत; तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात सातवाहन नृपती यज्ञश्री सातकर्णी याच्या कारकिर्दीचा उल्लेख सापडतो, तर नव्वदाव्या लेण्यात अकराव्या शतकात येथे येऊन गेलेल्या पारशी प्रवाशांनी पहलवी लिपीत आपली नावे व तिथी नोंदविल्या आहेत. साष्टीवर सहलीस येण्याची प्रथा एक सहस्र वर्षांची जुनी आहे, याचा याहून सबळ दाखला नको. प्रत्येक विहारालगतच्या पाण्याच्या पोढी आणि त्यांत पावसाचे पाणी आणणारे पन्हाळ अभ्यासूने आवर्जून पाहावेत, कारण विहार तलावाच्या कितीतरी शतके आधी याच डोंगरात जलसंचयाची शिस्त रूढ होती. उद्यान सोमवारी बंद असते, ही गोष्ट आखणीपूर्वीच ध्यानात ठेवावी.

दुसरा दिवस मैदानी पट्टीचा. मेट्रोनेच दक्षिणेस जोगेश्वरी पूर्व स्थानकी उतरून सहाव्या शतकातील जोगेश्वरीचे विस्तीर्ण शैव लेणे पाहावे. त्याचे स्तंभयुक्त सभागृह आजूबाजूच्या वस्तीच्या पातळीखाली गेलेले असून पावसाळ्यात त्यात पाणी झिरपते. तेथून अंधेरीच्या पूर्वेस कोंडिविटे अथवा महाकाली नावाने ओळखली जाणारी बौद्ध लेणी आहेत. त्यांतील चैत्यगृहात दगडातच कोरलेली, जाळीदार भिंतीची गोल कुटी स्थापत्याच्या इतिहासात विशेष मानली जाते. दुपारनंतर बोरिवलीच्या पश्चिमेस मंडपेश्वर गाठावे. शिवाचे हे मंदिर पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती प्रार्थनास्थान झाले, खडकाच्या माथ्यावर मठ उठला आणि मराठ्यांच्या विजयानंतर तो ओसाड पडला. नटराजाची मूर्ती, कोरलेला क्रूस व मठाच्या उघड्या भिंती एकाच खडकावर पाहिल्या म्हणजे बेटाचा सत्तापालटाचा सारा इतिहास ग्रंथावाचून उमगतो.

तिसरा दिवस किनाऱ्याचा. मालाडहून पश्चिमेस मार्वे येथे यावे. सकाळचा प्रहर दक्षिणेकडील एरंगळ, अक्सा व मढ यांस द्यावा. एरंगळचे सेंट बोनाव्हेंचरचे चर्च सोळाव्या शतकातील असून जानेवारीतील त्याच्या जत्रेस कोळी, भंडारी व ईस्ट इंडियन असे सर्व समाज लोटतात. मढचा पोर्तुगीज कोट संरक्षण खात्याच्या ताब्यात असल्याने तो बाहेरूनच पाहावा लागतो; समोर खाडीपलीकडे वेसावे कोळीवाडा असून मढहून तेथे होडी जाते. अक्साची पुळण रमणीय, तथापि तेथील खचणारी वाळू व ओहोटीबरोबर आत ओढणारे प्रवाह यांमुळे पुष्कळांनी प्राण गमावले आहेत, तेव्हा जीवरक्षकांची सूचना हुकमासमान मानावी. मार्वेस परतून तरीने मनोरीस उतरले, की अवघ्या काही मिनिटांत नगराचा गलबला मागे पडून ताडमाडांची झाडे, कौलारू घरे आणि मांडवांवर वाळत घातलेले बोंबील यांचा प्रदेश सुरू होतो. मनोरीवरून गोराईस जाऊन विश्व विपश्यना पॅगोडा पाहावा. सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात परत आणलेल्या साधनेचे हे स्मारक यांगोनच्या श्वेडगॉन पॅगोड्याच्या धर्तीवर रचलेले असून २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले; खांबांच्या आधारावाचून तोललेल्या त्याच्या घुमटाखाली सुमारे ८,००० साधक बसू शकतात. आग्नेय आशियाच्या सुवर्णशिखरांचे दर्शन साष्टीतच घडावे, हा योग पहिल्या दिवशी कान्हेरी पाहून आलेल्यास अधिक अर्थपूर्ण वाटतो, कारण ज्या धर्माचे विहार डोंगरात रिते झाले, त्याचा स्तूप समुद्रकाठी पुन्हा उभा राहिलेला तो पाहतो. पॅगोड्याच्या धक्क्यावरून होडीने गोराई खाडी ओलांडून बोरिवलीस उतरता येते आणि आल्या वाटेने परतण्याचा शीण वाचतो.

ऋतुमान व खानपान : नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वोत्तम. मार्च ते मे या महिन्यांत कान्हेरीचा कातळ तापतो, म्हणून चढण सूर्योदयानंतर लागलीच करावी. जून ते सप्टेंबर या अवधीत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पर्जन्य पडून डोंगर झऱ्यांनी सजीव होतात, परंतु समुद्र खवळलेला असतो आणि जून-जुलैत यांत्रिक मासेमारीस बंदी असल्याने ताजी मासळी दुर्मिळ होते. या ऋतूत तिसऱ्या दिवसाचा कार्यक्रम गाळून पहिल्यास दोन दिवस देणे इष्ट. किनारी गावांत कोळी पद्धतीचे बोंबील, कोळंबी व पापलेट आणि ईस्ट इंडियन घरांतील बाटली-मसाल्याचे कालवण व फुगिया हे पदार्थ आवर्जून चाखण्याजोगे आहेत. मढ, अक्सा व मनोरी येथे विश्रामगृहे असली, तरी सुट्टीच्या वारी त्यांचे भाडे चढते आणि गर्दीही होते; शक्यतो किनाऱ्याचा दिवस आठवड्याच्या मधल्या वारी घ्यावा.

पूर्व किनारा या त्रिदिन योजनेत समाविष्ट केलेला नाही. ठाण्याच्या खाडीतील रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले असून २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा लाभला. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत तेथे सहस्रावधी रोहित उतरतात आणि मुलुंडसमोरील ऐरोली येथून वनखात्याच्या होड्या भरतीच्या वेळापत्रकानुसार सुटतात. भरतीची वेळ रोज बदलत असल्याने आणि मधली डोंगररांग वळसा घालून ओलांडावी लागत असल्याने त्यासाठी स्वतंत्र दिवस राखणेच श्रेयस्कर. राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जुळे बोगदे काढून गोरेगाव व मुलुंड यांस जोडणाऱ्या रस्त्याचे काम चालू असून त्याचे पश्चिमेकडील तोंड दिंडोशी-चित्रनगरीच्या बाजूस येते. तो मार्ग पुरा झाल्यावर दिंडोशीच्या प्रवाशास दोन्ही किनारे सारखेच जवळ येतील आणि येथे सुचविलेली योजना चार दिवसांची करावी लागेल.