गर्भाची भिंत

मराठीच्या वर्गात 'डोहाळे' हा शब्द आला की मुली हसतात आणि मुलगे वहीत डोके घालतात. शब्दाचे मूळ सांगितले की वर्ग थोडा गंभीर होतो. डोहाळा हा 'दोहद'वरून आलेला. चौथ्या महिन्यातील गर्भवतीला सुश्रुताने 'दौहृदिनी', म्हणजे दोन हृदयांची, म्हटले आहे. तिची इच्छा अपुरी राहिली तर मुलात व्यंग उतरते, अशी ती समजूत. सुभद्रेच्या पोटात चक्रव्यूह ऐकणाऱ्या अभिमन्यूची कथाही त्याच कुळातली. आईच्या भोवतालचे जग गर्भापर्यंत पोचते, हे आपल्या परंपरेने गृहीतच धरले होते. याचा अर्थ प्राचीनांना रसायनशास्त्र अवगत होते असा आम्ही लावत नाही. गर्भसंस्काराच्या ध्वनिफिती विकणाऱ्यांनी तो खुशाल लावावा.

गर्भाभोवती भिंत उभी केली ती आधुनिक वैद्यकाने. वार ही बाहेरचे विष अडवणारी तटबंदी आहे, असा समज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बराच प्रचलित होता. १९५७ साली जर्मनीत विक्रीस आलेले थॅलिडोमाइड हे औषध १९६१ मध्ये मागे घ्यावे लागले, तोवर हजारो मुले अपुऱ्या हातापायांनिशी जन्मली होती. त्या एका घटनेने भिंत पडली, असे आपण शिकतो. आम्हांला मात्र तिच्या आधीचा एक प्रसंग अधिक बोलका वाटतो.

१९३६ साली लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स हा जीवरसायनतज्ज्ञ इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकासारखे वागणारे कृत्रिम पदार्थ शोधत होता. त्याने तपासलेल्या पदार्थांत बिस्फेनॉल ए हे एक होते. १८९१ मध्ये दियानिन या रशियन रसायनज्ञाने ते प्रथम बनवले होते. ते संप्रेरकासारखे वागते, पण दुबळेपणाने, असे डॉड्सला दिसले. १९३८ मध्ये त्याला त्याहून कितीतरी प्रबळ असे डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल सापडले, आणि बिस्फेनॉल औषध होता होता राहिले. डॉड्सचे नवे औषध गर्भपात टाळण्यासाठी अमेरिकेत लक्षावधी गर्भवतींना दिले गेले. त्याचा काही उपयोग नाही हे १९५३ मध्ये शिकागोच्या चाचणीत सिद्ध झाले, तरी ते दिले जातच राहिले. १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांना तरुण मुलींत योनिमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग आढळला. त्या पोटात असताना त्यांच्या आयांनी हेच औषध घेतले होते.

आणि ते दुबळे भावंड? त्याच १९५३ साली जर्मनीत आणि अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी पॉलिकार्बोनेट हे काचेसारखे पारदर्शक, न फुटणारे प्लास्टिक तयार झाले. त्याचा मूळ घटक बिस्फेनॉल ए. संप्रेरकाचा गुण सतरा वर्षांपूर्वी नोंदला गेला होता. पण ती नोंद वैद्यकाच्या कपाटात राहिली आणि प्लास्टिक उद्योगाच्या कारखान्यात जन्मले. १९९३ मध्ये स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत एक अनोळखी संप्रेरक हाती लागले. शोध घेता ते उष्णतेने निर्जंतुक केलेल्या प्लास्टिकच्या चंबूतूनच पाझरलेले बिस्फेनॉल निघाले.

आमच्या विदर्भात भांड्यांचे गाव म्हणजे भंडारा. पितळेला कल्हई, मग 'जर्मन', मग स्टील आणि अखेरीस प्लास्टिक, हा क्रम आमच्यापैकी बहुतेकांनी आईच्या ओट्यावर पाहिला आहे. कल्हई उडाली की आंबट पदार्थ कळकतो, हे प्रत्येक सासूला ठाऊक होते. प्लास्टिक कळकत नाही. त्याला रंग येत नाही, वासही नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात दारी येणारे वीस लिटरचे पारदर्शक जार पुष्कळदा पॉलिकार्बोनेटचे असतात, आणि उष्णतेने पाझर वाढतो.

परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील प्रयोग मराठी वाचकाला फारसे ठाऊक नाहीत. तेथे गाभण उंदरांना बिस्फेनॉलची अल्प मात्रा दिली गेली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या नर पिल्लांत शुक्रजंतूंची संख्या व हालचाल घटली, आणि परिणाम पुढच्या पिढ्यांतही उतरला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरेच. माणसांत पुरावा हळूहळू साचला. २००२ मध्ये बर्लिनच्या संशोधकांना वारेत व गर्भाच्या रक्तात बिस्फेनॉल आढळले. प्लास्टिक मऊ करणाऱ्या थॅलेट्सविषयी २०२२ मध्ये अमेरिकेतील सोळा अभ्यास एकत्र केले गेले. सहा हजारांहून अधिक गर्भवतींच्या त्या माहितीत, लघवीत थॅलेट्सचे अंश जास्त असणे आणि दिवस भरण्यापूर्वी प्रसूती होणे यांचा संबंध दिसला. जन्मवजनाबाबत मात्र निष्कर्ष एकमुखी नाहीत.

येथे पुण्याची आठवण अपरिहार्य आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळाचे सरासरी वजन २.७ किलो भरले, इंग्लंडमधील साउदम्प्टनचे ३.५. वजन कमी, पण त्या मानाने चरबी टिकून. आईचे अन्न आणि मुलाचा पुढे उद्भवणारा मधुमेह यांचा धागा त्यातून दिसला. आधीच किरकोळ जन्मणाऱ्या या मुलांच्या वाट्याला भांड्यातून अन्नात काय उतरते, हा प्रश्न अन्नाच्या प्रश्नाहून वेगळा कसा काढायचा? आम्हांला तो वेगळा वाटत नाही. एवढे मात्र खटकते, की दोन्हींचे उत्तर आईनेच द्यावे अशी अपेक्षा असते. हे खाऊ नको, ते गरम करू नको! डोहाळजेवणात तिला फुलांनी मढवतात आणि उपदेशही तिलाच करतात; भांडे घडवणारा त्या पंगतीला नसतोच.

युरोपात २०११ पासून व भारतात २०१५ च्या मानकानुसार दुधाच्या बाटल्यांत बिस्फेनॉल ए वर्ज्य ठरले. ही काळजी जन्मानंतरची. अन्नाला स्पर्श करणाऱ्या वस्तूंत त्यावर व्यापक बंदी घालण्याचा निर्णय युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये घेतला. दरम्यान बऱ्याच ठिकाणी त्याची जागा बिस्फेनॉल एसने घेतली आहे. इतवारीतल्या दुकानदाराकडे आम्ही परवा चौकशी केली, तेव्हा त्याने बाटलीवरचे 'बीपीए-मुक्त' हे शब्द बोटाने दाखवले. मग त्यात काय घातले आहे, असे विचारल्यावर त्याने बाटली फिरवून पाहिली आणि शेजारच्या काउंटरवर पाठवले.